साथीनंतरचं घर

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप कार्यकारिणीकडून आला तेव्हा मी सोसायटीच्या आठवणी लिहाव्यात अशी त्यांची अपेक्षा असावी. आठवणी लिहिणारी मंडळी आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारी आहेत. म्हणून मी थोडा वेगळा विषय घेतो. मी काही आर्किटेक्ट नाही. पण बँकेतल्या नोकरीची बरीच वर्षं गृहकर्जाच्या टेबलावर गेली. प्रत्येक फायलीत घराचा नकाशा जोडलेला असायचा. हॉल कुठे, मोरी कुठे, उजेड कुठून येतो, हे बघायची सवय लागली ती लागलीच. २०२० नंतर आपल्या इमारतीत घरोघरी सुतारांचे ठोके सुरू झाले, कुणाची भिंत पडली, कुणाच्या दारात बेसिन आलं, तेव्हा वाटलं की हे काही पहिल्यांदा होत नाही. साथ येऊन गेली की घर बदलतं. आपल्या या मुंबईत तर सव्वाशे वर्षांपूर्वी एका साथीने घराचा सगळा नकाशाच बदलून टाकला होता. तो इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्याचा संबंध आपल्या येत्या दुरुस्तीशी आहे.

घरावर आळ

सप्टेंबर १८९६. मांडवी बंदराजवळच्या वस्तीत माणसं तापाने फणफणत होती, काखेत आणि जांघेत गाठी येत होत्या, आणि दोन-चार दिवसांत खेळ संपत होता. डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी हा गाठीचा प्लेग आहे, असं ठामपणे सांगितलं. मांडवी म्हणजे धान्याची गोदामं. धान्य तिथे उंदीर, हे आपल्याला आज लगेच सुचतं. त्यावेळी सुचलं नाही. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता, पण तो माणसापर्यंत कसा पोचतो हे कुणाला ठाऊक नव्हतं. उंदराच्या अंगावरची पिसू तो आणते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवलं, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. तोपर्यंत सरकारच्या लेखी गुन्हेगार एकच होता, तो म्हणजे घर. अंधारी, कोंदट, दमट खोली. रोग तिथेच उपजतो, असा समज होता.

मग घरावर इलाज सुरू झाला. गटारं धुतली गेली, खोल्यांमध्ये कार्बोलिकचे फवारे मारले गेले, भिंतींना चुना फासला गेला. ऊन आत यावं म्हणून कित्येक घरांच्या छपरांवरची कौलंच काढून टाकली. जी घरं अगदीच वाईट ठरली त्यांच्या दारांवर ‘यू.एच.एच.’ अशी तीन इंग्रजी अक्षरं रंगवली. अर्थ असा की हे घर माणसांनी राहण्याच्या लायकीचं नाही. आत राहणाऱ्यांनी मग कुठे जायचं, याचं उत्तर त्या अक्षरांत नव्हतं. लाखो लोक मुंबई सोडून गावी गेले. गावी उंदीर पडायला लागले की गाव उठायचा आणि शेतात, माळावर झोपड्या टाकून राहायचा. आमच्या लहानपणी ‘प्लेगच्या सालातला जन्म’ असं वय सांगणारी म्हातारी माणसं होती.

पुण्यात काय झालं ते सर्वांना शाळेपासून माहीत आहे. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगाचा कायदा झाला. रँडसाहेबाच्या अधिकाराखाली गोरे सोजीर थेट माजघरात, देवघरात शिरले. सामान बाहेर फेकलं, जाळलं. संशयितांना उचलून नेलं. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना लागण होऊन. या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या धड्यांत शिकतो. मला त्या एकत्र आठवतात. रोग्याच्या घराचा उंबरठा दोघांनीही ओलांडला. एक झडतीला गेला आणि दुसऱ्या सेवेला गेल्या.

ट्रस्टचा नकाशा

साथ ओसरेना, तेव्हा सरकारने १८९८ च्या डिसेंबरात बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे आणि बेटाच्या उत्तरेला मोकळ्या जागी नवी वस्ती वसवायची, असं काम. नागपाड्यात पाडापाडी झाली. प्रिन्सेस स्ट्रीट (आताचा शामलदास गांधी मार्ग) आणि सँडहर्स्ट रोड (आताचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग) निघाले. समुद्रावरचा वारा गल्लीबोळांच्या पोटात शिरावा, हा हेतू.

माझ्यासारख्या आकडेमोड करणाऱ्या माणसाला ट्रस्टचा एक नियम फार आवडतो. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. खिडकीच्या पायापासून आकाशाकडे साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात एक तिरकी रेघ काढायची, आणि समोरच्या इमारतीने ती रेघ अडवता कामा नये. हिशेब सोपा आहे. इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मी मोकळी जागा समोर हवी. तीस फूट उंचीला पंधरा फूट मोकळं. तळमजल्यावरच्या माणसालाही आकाशाचा तुकडा दिसलाच पाहिजे, हे इथे भूमितीच्या भाषेत लिहून ठेवलं होतं. आज आपण ज्याला ‘साइड मार्जिन’ म्हणतो आणि ज्यात गाड्या लावतो, त्याच्या मागे असा विचार होता.

दादर-माटुंग्याची आखणी यातूनच झाली. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स. पूर्वी मुलुंडहून दादरला उतरून त्या रस्त्यांवर फिरायला गेलो की मी घरच्यांना सांगायचो, ही झाडं आणि हे रुंद फुटपाथ प्लेगने दिले आहेत. घरातलं अंतरंगही बदललं. चाळीत खोल्या एकामागे एक, गॅलरी सगळ्यांची, संडास-नळ मजल्याचे. इथे स्वतंत्र ब्लॉक आला. प्रत्येक खोलीला बाहेर उघडणारी खिडकी, घराची स्वतःची मोरी, स्वतःचा संडास, पुढे बाल्कनी. आज आपण ‘सेल्फ-कंटेन्ड’ म्हणतो ते घर मुंबईतल्या मराठी, गुजराती, दाक्षिणात्य मध्यमवर्गाने तिथे अंगवळणी पाडून घेतलं. आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याची आणखी एक गोष्ट त्याच काळातली. १९१५ मध्ये गावदेवीला श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. आपल्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांपैकी ती एक. चाळीच्या दाटीतून सुटका हवी आणि एकट्याच्या पगारात जमत नाही, तर चारजण मिळून करू. आपल्या नोंदणी प्रमाणपत्राची आजी म्हणा ना.

पण नाण्याची दुसरी बाजू सांगितली नाही तर हिशेब अर्धवट राहील. पाडलेल्या घरांतली गरीब माणसं दादर-माटुंग्याला आली नाहीत. त्यांना ते परवडणारच नव्हतं. कामाच्या जागेजवळ राहणं भाग होतं, म्हणून ती शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या चाळीत आणखी दाटीवाटीने शिरली. उजेड-वारा एकाला मिळाला तो दुसऱ्याच्या वाट्यातून.

आणि त्या नव्या, हवेशीर इमारतींच्या मागे जाऊन बघा. पुष्कळ ठिकाणी एक लोखंडी गोल जिना अजून दिसतो. संडास घरात आला होता, पण तो साफ करणारा माणूस पुढच्या दाराने, पुढच्या जिन्याने आलेला चालत नव्हता. त्याच्यासाठी तो जिना. म्हणजे पुढच्या बाजूला मोठी खिडकी आणि मागच्या बाजूला कडी. स्वच्छता आणि विटाळ यांची आपल्याकडे नेहमी अशी सरमिसळ होते. जुन्या वाड्यांत दारातच दगडी डोणी असायची, हातपाय धुऊनच आत यायचं. चांगली सवय. पण काही माणसांनी हातपाय धुतले तरी आत यायचं नाही, हाही त्याच दाराचा नियम होता. आपल्या पूर्वजांना सगळं आधीच ठाऊक होतं, असे मेसेज २०२० मध्ये रोज सकाळी येत होते. ते पुढे पाठवताना हा दुसरा नियम आपण सोयीस्करपणे गाळत होतो.

मधल्या साथी

क्षयाने जगभर घराची सजावट बदलली. जाड गालिचे, मखमली पडदे, नक्षीचं अवजड फर्निचर यांत धूळ साठते, म्हणून भिंती पांढऱ्या, फरशी गुळगुळीत, फर्निचर हलकं आणि पुसता येईल असं झालं. फिनलंडमध्ये १९३३ साली उघडलेलं पाइमिओचं क्षयरुग्णालय त्यासाठी प्रसिद्ध आहे. अल्वार आल्टो या वास्तुकाराने खोलीतलं बेसिनसुद्धा असं केलं की पाण्याचा आवाज होऊन शेजारच्या रोग्याची झोप मोडू नये. औषध नव्हतं तेव्हा ऊन, वारा आणि विश्रांती हेच औषध होतं. आपल्याकडे मिरज-पाचगणीच्या सॅनिटोरियमचे लांब व्हरांडे त्याच समजुतीचे.

१९१८ चा इन्फ्लुएंझा मात्र चमत्कारिक. हिंदुस्थानात त्याने एक कोटीहून कितीतरी जास्त माणसं नेली. प्लेग कित्येक वर्षं रेंगाळला, हा काही महिन्यांत घाला घालून गेला. तरी घराच्या नकाशावर त्याची तशी खूण मला सापडत नाही. माझ्या मते याचं कारण असं, की प्लेगचा आळ घरावर आला होता. तापाचा आळ घरावर आला नाही. त्याच सुमारास, १९२० नंतर, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला मिळून २०७ चाळी बांधल्या. त्याच बीडीडी चाळी. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्याचे. एका खोलीत आठ-दहा माणसं, गावाकडून आलेला पाहुणा वेगळा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चे ५०० व्हायला शंभर वर्षं लागली.

२०२०

आता आपल्या डोळ्यांदेखत झालेलं. २५ मार्च २०२० पासून देशभर सगळं बंद. मुंबईत पुन्हा तोच १८९७ चा कायदा लागू झाला होता. ज्या घरात आपण फक्त झोपायला यायचो, त्या घरात चोवीस तास राहायची वेळ आली. तेव्हा नकाशातले दोष कळले. साडेपाचशे फुटांच्या वन बीएचकेत एकाचं ऑफिस बेडरूममध्ये, एकीची शाळा हॉलमध्ये, आजोबांची टीव्हीवरची मालिका त्याच हॉलमध्ये, आणि मिक्सर लावायचा तर आधी परवानगी. घरात कुणाला लागण झाली तर वेगळी खोली कुठून आणायची? एकच संडास-बाथरूम असेल तर विलगीकरण म्हणजे नुसता शब्द.

जुलै २०२० मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणी केली. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचं दिसलं, इतर वस्तीत सुमारे १६ टक्के. शहर एकच, वॉर्डही तेच, फरक दाटीचा आणि सामायिक संडासांचा. मांडवीच्या चाळीपासून आपण किती पुढे आलो, याचा हा एक हिशेब. एवढं मात्र खरं की या वेळी घरावरचा आळ खोटा नव्हता. हा विषाणू हवेतून पसरणारा, बंद खोलीत टिकणारा. प्लेगच्या वेळी चुकीच्या कारणासाठी उघडलेली खिडकी या वेळी बरोबर कारणासाठी उघडायची होती.

आणि खिडक्या होत्या कुठे? १९९१ च्या मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत बाल्कनीला एका मर्यादेपर्यंत एफएसआयमधून सूट होती, आणि पैसे भरून ती बंदिस्तही करता येत होती. आपली इमारत त्याच काळातली. ताबा मिळाल्यावर पहिलं काम काय, तर बाल्कनी हॉलमध्ये घ्यायची. माझ्या टेबलावर आलेल्या फायलींतही ‘एन्क्लोज्ड बाल्कनी’ धरून क्षेत्रफळ दाखवायचे. पुढे २०१२ मध्ये नियम बदलले, बाल्कनी एफएसआयमध्येच मोजली जाऊ लागली, आणि नव्या नकाशांतून ती जवळजवळ नाहीशीच झाली. त्यामुळे जनता कर्फ्यूच्या संध्याकाळी टाळ्या-थाळ्या वाजवायला आपल्यापैकी बरेचजण स्लायडिंगच्या खिडकीत, अर्ध्या उघड्या काचेतून हात बाहेर काढून उभे होते.

त्यानंतर घरोघरी कामं निघाली. भिंतीला लावलेलं घडीचं टेबल आलं. कपाटाची एक बाजू काढून कॅमेऱ्यात दिसेल एवढा ऑफिसचा कोपरा झाला, मागे दोन पुस्तकं आणि एक मनीप्लँट. चपलांचं कपाट दाराबाहेर गेलं. दोघातिघांनी दाराशी बेसिन घेतलं. काहींनी काचा काढून बाल्कनी पुन्हा मोकळी केली, त्यांचं मला फार कौतुक वाटलं. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन मोठा झाला, भिंतीचे टाइल छतापर्यंत गेले, पुसायला सोपे म्हणून लॅमिनेट आणि क्वार्ट्झ आलं. भाजी उन्हात ठेवायची टोपली, नोटांवर इस्त्री, निळ्या दिव्याचा डबा हे प्रकार आले तसे गेले.

काय राहिलं, काय गेलं

आता पाच वर्षांनी ताळेबंद मांडू. मोकळ्या केलेल्या बाल्कन्यांपैकी काही पुन्हा बंद झाल्या. मुलांच्या अभ्यासाला जागा हवी, आणि मुलुंडमध्ये चौरस फुटाचा भाव काय आहे तो मी सांगायला नको. घडीची टेबलं राहिली, कारण आठवड्यातून दोन दिवस घरून काम राहिलं. चपला बाहेरच राहिल्या, आणि पॅसेजमधून चालताना आम्हा ज्येष्ठांचे पाय त्यांत अडकतात ते वेगळं.

सोसायटीच्या पातळीवर बघा. एप्रिल २०२० मध्ये गेटपाशी आपण एक बेसिन बसवलं होतं. पायाने दाबायचा साबण, पायानेच चालणारा नळ. डिलिव्हरीची मुलं, वॉचमन, कामाच्या बायका आणि आपण, सगळे तिथे हात धुवायचो. २०२२ मध्ये नळ गळतो म्हणून त्याचं पाणी बंद केलं, आणि आता त्या बेसिनमध्ये झाडांच्या कुंड्यांचं खत ठेवलेलं असतं. त्याच काळात लिफ्टच्या दाराशी एक पाटी लावली होती, ‘घरकाम करणाऱ्यांनी व डिलिव्हरीवाल्यांनी जिन्याचा वापर करावा.’ तेव्हा लिफ्टमध्ये दोनच माणसं जायची होती, म्हणून ती लावली. ती पाटी आजही आहे. स्वच्छ, पुसलेली, चारी कोपरे शाबूत. कुणी तिची मुद्दाम सक्ती करतं असं नाही. पण नवीन लागलेली बाई ती वाचते आणि सातव्या मजल्यापर्यंत जिना चढते.

हे फक्त आपल्याच सोसायटीत झालं असं नाही, आणि कार्यकारिणीवर टीका करण्यासाठीही लिहीत नाही. सव्वाशे वर्षांच्या इतिहासात हेच पुन्हापुन्हा दिसतं. साथ आली की घराला खिडकी पडते आणि कडीही बसते. साथ गेली की खिडकी बुजते, कारण मोकळ्या जागेला चौरस फुटाचा भाव असतो. कडी तशीच राहते, कारण तिला काही खर्च नाही. तो गोल जिना दादरला अजून उभा आहे, तसाच.

येत्या सर्वसाधारण सभेत मोठ्या दुरुस्तीचा विषय आहे, आणि आणखी काही वर्षांनी पुनर्विकासाचा येईल. तेव्हा विचारार्थ चार गोष्टी मांडतो.

एक, गेटजवळचा नळ पुन्हा सुरू करावा. पाणी तिथपर्यंत आलेलंच आहे, प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम.

दोन, तळमजल्यावर वॉचमन आणि घरकाम करणाऱ्या बायका यांच्यासाठी एक नीट संडास आणि हात धुवायची जागा, आतून कडी लागणारी. दिवसभर चार घरची कामं करणारी बाई जाते कुठे, हा प्रश्न आपण पंचवीस वर्षांत मिनिटबुकात एकदाही लिहिलेला नाही. ही कडी मात्र हवी.

तीन, लिफ्टची पाटी रंगकामाच्या वेळी काढावी आणि परत लावू नये.

चार, गच्ची. भाड्याने देण्याचे प्रस्ताव अधूनमधून येतात, आणि वार्षिक रक्कम आकर्षक असते हे बँकवाला म्हणून मी मान्य करतो. पण २०२० च्या मे महिन्यात संध्याकाळी वेळा ठरवून, मजल्यामजल्याने आपण तिथे जात होतो ते आठवा. ती आपल्या सगळ्यांची एकत्र बाल्कनी आहे, आणि घरातली आपण केव्हाच आत घेतलेली आहे. पुनर्विकासाचा नकाशा समोर येईल तेव्हा कार्पेट एरिया किती वाढला हे सगळे विचारतील. कुणीतरी हेही विचारावं की खालच्या मजल्यावरच्या खिडकीतून आकाश दिसतं का.

एक रजिस्टर सोसायटीच्या कपाटात आहे. मार्च २०२० पासूनचं, गेटवरच्या नोंदींचं. कुणाला औषध आणून दिलं, कुणाच्या घरी डबा पोचवला, कुणाला कधी ॲम्ब्युलन्समधून नेलं, सगळं त्यात वॉचमनच्या अक्षरात आहे. त्यातली काही माणसं परत आली नाहीत. ते रजिस्टर रद्दीत जाऊ देऊ नये, एवढी विनंती. पन्नासाव्या वर्षाच्या स्मरणिकेत इतिहास लिहायला बसणाऱ्याला त्याचा उपयोग होईल.